स्टाफरूम आणि मुख्याध्यापकांची खोली

माध्यमिक शाळेत प्रार्थना संपली की पर्यवेक्षकांच्या टेबलावर एक वही उघडते. आज रजेवर कोण, प्रशिक्षणाला कोण, मतदार यादीच्या कामाला कोण, आणि त्यांच्या तासांवर कोणाला पाठवायचे, हे तिच्यात लिहिले जाते. शिपाईमामा ती वही घेऊन वर्गावर्गांतून फिरतात आणि ज्याचे नाव आले तो शिक्षक सही करतो. बाहेरच्या माणसाला त्या वहीत काही दिसणार नाही. शाळेत काही वर्षे काढलेल्या माणसाने मात्र एका महिन्याची पाने चाळली, तर तिथली माणसे एकमेकांशी कशी वागतात हे त्याला कळते. कुणाचे नाव दर दोन दिवसांनी येते, कुणाचे महिन्यातून एकदाही येत नाही. कुणाला कायम शेवटचा तास, कुणाला कायम नववी 'ड'. कुणी सहीखाली वेळही लिहितो, म्हणजे वही आपल्यापर्यंत उशिरा आली याचा पुरावा ठेवून देतो. सहीखाली वेळ लिहायची सवय जिथे लागली आहे, तिथे विश्वास उरलेला नाही असे खुशाल समजावे.

बदली तासाबद्दलची कुरकुर तासासाठी क्वचितच असते. पस्तीस मिनिटे एक वर्ग सांभाळणे शिक्षकाला जड नसते. "दरवेळी मीच का?" हा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर त्याने मनाशी आधीच ठरवलेले असते: त्या बाई संस्थेच्या सचिवांच्या नात्यातल्या, ते सर साहेबांबरोबर चहाला बसणारे. हे उत्तर चुकीचेही असेल. त्या बाईंना डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली असेल आणि ते फक्त मुख्याध्यापकांना ठाऊक असेल. पण वाटप कोणत्या नियमाने होते हे कधी कुणी सांगितलेच नसेल, तर शिक्षकांकडे अंदाज बांधण्याखेरीज काय उरते? अंदाज स्टाफरूममध्ये पोचतो, मधल्या सुट्टीत पक्का होतो, आणि शाळा सुटेपर्यंत त्याची बातमी झालेली असते.

शाळेतल्या विश्वासाबद्दल आपण सहसा स्वभावाच्या भाषेत बोलतो. "नवे साहेब चांगले आहेत, समजून घेतात." "आधीच्या मॅडम फार कडक होत्या." जणू सगळे एका माणसाच्या मनमिळाऊपणावर अवलंबून आहे आणि चांगला माणूस मिळणे हे शाळेचे नशीब. मला हे मान्य नाही. शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यातला विश्वास कामाच्या मांडणीतून तयार होतो: तास कसे वाटले जातात, पैसे कुणासमोर मोजले जातात, कुणाच्या कामाविषयी काय लिहिले जाते आणि ते त्याला दाखवले जाते की नाही, यांतून. आणि ही मांडणी सुधारण्याची पहिली जबाबदारी ज्याच्या हाती सही आहे त्याची आहे.

हा विषय ज्यांनी सर्वांत कसून अभ्यासला ते अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर हे दोन अमेरिकी संशोधक. त्यांचा अभ्यास शिकागो शहरातला आहे. १९८७ साली अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांनीच शिकागोच्या शाळांना देशातल्या सर्वांत वाईट शाळा म्हटले होते. पुढच्याच वर्षी कायदा होऊन प्रत्येक शाळेला पालकांचे बहुमत असलेली स्थानिक परिषद मिळाली आणि मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकारही तिच्याकडे गेला. कायमची नोकरी जाऊन मुख्याध्यापकांना चार वर्षांचा करार आला. सगळ्या शाळांना कायदा एक आणि अधिकार एकच, तरी काही शाळा वर आल्या आणि काही होत्या तिथेच राहिल्या. असे का झाले, हे या दोघांनी नव्वदच्या दशकात शहरातल्या सुमारे चारशे प्राथमिक शाळांच्या माहितीवरून आणि काही शाळांत दीर्घकाळ बसून शोधले. २००२ साली त्यांचे पुस्तक आले. ज्या शाळांत १९९४ साली मोठ्या माणसांचा एकमेकांवर विश्वास भक्कम होता, त्यांपैकी दोनांतली एक शाळा वाचन आणि गणितात पुढे सुधारलेल्यांच्या गटात गेली. जिथे तो कमकुवत होता, तिथे हे प्रमाण सातांत एक. आणि जिथे १९९४ मध्येही विश्वास नव्हता आणि १९९७ मध्येही नव्हता, तिथे सुधारणेची शक्यता जवळपास शून्य.

शाळा सुधारू लागली म्हणून विश्वास वाढला की विश्वास होता म्हणून शाळा सुधारली, असा वाद इथे घालता येईल, आणि तो घालावाही. एकमेकांवर विश्वास असल्याने मुलांना भागाकार येत नाही. भागाकार शिकवावाच लागतो. पण शिकवण्याची पद्धत बदलायची तर शिक्षकाला काही दिवस चाचपडावे लागते, आणि चाचपडताना वरून खुलासा मागितला जाणार असेल तर कोणताही शहाणा शिक्षक जुन्या वाटेनेच जाईल. आकडे बाजूला ठेवले तरी एवढी गोष्ट उरते.

या संशोधकांच्या मते विश्वास चार गोष्टींवरून जोखला जातो. समोरचा माझे म्हणणे ऐकून घेतो का? त्याला त्याचे काम येते का? नेमून दिलेल्या कामापलीकडे तो माझ्यासाठी काही करतो का? बोलतो तसे वागतो का? यातला दुसरा प्रश्न आपल्याकडे नेहमी विसरला जातो. ज्या मुख्याध्यापकाला वेळापत्रक लावता येत नाही, वेतनेतर अनुदानाचा हिशेब कळत नाही, वरिष्ठ श्रेणीचा प्रस्ताव कोणत्या कागदावाचून परत येतो हे ठाऊक नाही, तो कितीही प्रेमळ असला तरी शिक्षक त्याच्या भरवशावर राहू शकत नाहीत. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी ही शिक्षकाच्या घरातली मोठी गोष्ट असते. तो प्रस्ताव कार्यालयाच्या कपाटात सहा महिने पडून राहिला, तर पंधरा ऑगस्टच्या भाषणातल्या 'आपण सारे एक कुटुंब' या वाक्याला कुणी कान देत नाही.

ध्येय एक असले, मैत्री असली, की विश्वास आपोआप टिकतो, हाही एक भ्रम आहे. त्याला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाली. चिपळूणकर, टिळक, आणि थोड्याच काळात त्यांना येऊन मिळालेले आगरकर, ही सारी ध्येयाने पेटलेली तरुण माणसे. टिळक आणि आगरकर तर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. शिक्षकांनी ठरावीक अल्प वेतनावर आजीव सदस्य म्हणून काम करायचे आणि संस्था आपणच चालवायची, ही कल्पना त्या काळात केवढी मोठी होती! दहा वर्षांत ती मंडळी फुटली. १८९० च्या अखेरीस टिळकांनी लांबलचक राजीनामा लिहून संस्था सोडली.

या फुटीचे कारण म्हणून आपण सामाजिक सुधारणेचा वाद सांगतो. तो होताच, आणि 'केसरी'तून आगरकर त्याच वादामुळे बाहेर पडले. पण संस्थेच्या आतले भांडण बरेचसे शिक्षकांच्या कामाच्या अटींवर होते. आजीव सदस्याने बाहेर कमाई करावी का? त्याचा सगळा वेळ संस्थेचा की नाही? गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले ते चालेल का? वेतन सर्वांना सारखे असावे की गरजेनुसार वाढवून द्यावे? दम्याने बेजार आगरकरांना संसार चालवायचा होता. टिळकांना तत्त्व सैल होताना दिसत होते. दोघांच्याही बाजूने बोलता येते. मला त्यातून दिसते ते एवढेच की सुरुवातीला जे गृहीत धरले होते, ते स्पष्ट नियमात कधी उतरले नव्हते. मैत्री होती तोवर कुणाला त्याची गरज वाटली नाही, आणि गरज वाटली तेव्हा मैत्री शिल्लक नव्हती. टिळक-आगरकरांना जे जमले नाही ते आजच्या स्टाफरूमला केवळ सद्भावनेवर जमेल असे मानणे धाडसाचे आहे.

बाहेरच्या कमाईचा तो प्रश्न आजही संपलेला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमाने शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई केली आहे. तरी संध्याकाळी घरी क्लास चालवणारे शिक्षक कोणत्या गावात नाहीत? जो शिक्षक वर्गात धडा अर्धा ठेवतो आणि उरलेला संध्याकाळी फी घेऊन पुरा करतो, त्याने मुख्याध्यापक आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत अशी तक्रार करू नये. मुख्याध्यापकांना हे माहीत असते, सहकाऱ्यांना माहीत असते, मुलांना तर असतेच. विश्वास मागण्याचा अधिकार कामाने मिळवावा लागतो. ही अट शिक्षकांनाही लागू आहे, हे शिक्षकांच्या संघटनांनी उघडपणे म्हटले पाहिजे.

आता मुख्याध्यापकांच्या बाजूने. अनुदानित शाळेत हे पद सहसा ज्येष्ठतेने मिळते. माणूस पंचवीस-तीस वर्षे गणित किंवा मराठी शिकवतो आणि निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असताना एका जूनमध्ये खुर्चीवर बसतो. काल ज्यांच्याबरोबर त्याने डबा खाल्ला, त्यांच्याच गोपनीय अहवालावर आज त्याने शेरे लिहायचे. त्यासाठी त्याला कुणी काही शिकवलेले नसते. खाली शिक्षक आणि वर संस्थाचालक आणि शिक्षण विभाग. सकाळी अकराला मोबाइलवर संदेश येतो: दुपारी दोनपर्यंत माहिती भरून पाठवा, अतितात्काळ. मागच्या महिन्यात हीच माहिती वेगळ्या नमुन्यात दिलेली असते. मुख्याध्यापक दोन वर्गशिक्षकांना तासावरून बोलावतात, वर्ग मॉनिटरवर सोडून ते रकाने भरतात. कायद्याचे २७वे कलम सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. पण माहिती भरणे हे अशैक्षणिक काम धरलेच जात नाही. रोज वरचा हुकूम खाली पोचवणारा माणूस शिक्षकांना आपला कसा वाटावा? त्याने एकदाही वर फोन करून "माझे शिक्षक आत्ता तासावर आहेत, चारनंतर देतो" असे म्हटलेले कुणी ऐकलेले नसते. ज्या मुख्याध्यापकांनी असे म्हटले, त्यांची आठवण शिक्षक निवृत्तीनंतरही काढतात.

प्राथमिकला तर अनेकदा मुख्याध्यापकच नसतो. कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो दीडशेहून अधिक पट असेल तेव्हा. जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत दोघांपैकी एकाकडे 'चार्ज' असतो, आणि तो कुणालाच नको असतो. कारण चार्ज म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाची शिल्लक, बँकेचे पासबुक, ऑडिट. तिथे दोन माणसांचे पटले नाही तर सगळी शाळाच बसते.

सरकारलाच शिक्षकांवर विश्वास नसेल तर तो मुख्याध्यापकाने कुठून आणायचा? जानेवारी २०१७ पासून महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी दर सोमवारी विद्यार्थ्यांच्या गटांबरोबर सेल्फी काढून सरकारी संकेतस्थळावर चढवावी, असा निर्णय झाला होता. हेतू गळती आणि गैरहजेरी रोखण्याचा. शिक्षकांनी विरोध केला आणि तो निर्णय मागे पडला. पण तो करणाऱ्यांच्या मनात शिक्षकाची प्रतिमा काय होती, हे शिक्षकांना कळून चुकले. शिक्षक हजेरीपटावर खोटे लिहितो, हे गृहीत धरूनच तो निर्णय झाला होता. काही शिक्षक लिहितात, हे खरे आहे. त्या काहींना शोधण्याचे काम मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांचे आहे. ते काम टाळून लाखोंना कॅमेऱ्यासमोर उभे करण्यात कसला शहाणपणा?

उलट टोकाची चूक आपल्या शाळांत जास्त आढळते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. तिचे नाव 'सांभाळून घेणे'. एका शिक्षकाच्या वर्गात आठवीतल्या निम्म्या मुलांना भागाकार येत नाही. शेजारच्या वर्गशिक्षकाला ते माहीत आहे, पुढच्या वर्षी ती मुले ज्यांच्याकडे जाणार त्या बाईंना माहीत आहे, मुख्याध्यापकांनाही माहीत आहे. वर्षातून दोनदा मुख्याध्यापक त्याच्या तासाला मागच्या बाकावर बसतात आणि लॉगबुकात लिहितात: 'पाठाची सुरुवात आकर्षक. फलकलेखन सुवाच्य. विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला. शुभेच्छा.' हेच चार शेरे मराठीच्या तासाला, हेच विज्ञानाच्या. शिक्षक सही करतो. कुणी दुखावले गेले नाही, शाळेत शांतता आहे, आणि मुले भागाकारावाचून नववीत जातात. या शांततेला विश्वास म्हणणे हा त्या मुलांवर अन्याय आहे. ज्या शाळेत "तुमचा आजचा तास जमला नाही, उद्या आपण दोघे मिळून आखू" हे वाक्य म्हणता येते आणि ऐकून घेता येते, ती विश्वासाची शाळा. ज्या शाळेत सगळेच उत्तम असते, तिथे बहुधा सगळ्यांनी एकमेकांची नावे न घेण्याचा करार केलेला असतो.

सांभाळून घेणे आणि दहशत या दोन गोष्टी वरवर विरुद्ध दिसतात, पण दोन्हींतून खोटे आकडेच बाहेर पडतात. दहशतीचे टोक कुठवर जाते ते अमेरिकेच्या अटलांटा शहराने दाखवले. तिथे परीक्षेच्या निकालांचे लक्ष्य मुख्याध्यापकांना ठरवून दिलेले होते आणि ते गाठले नाही तर नोकरी धोक्यात. २००९ च्या परीक्षेतल्या उत्तरपत्रिकांची तपासणी झाली आणि २०११ साली राज्याच्या तपास पथकाचा अहवाल आला: ४४ शाळा, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक. मुलांनी खुणा केलेली चुकीची उत्तरे शिक्षकांनी रबराने खोडून बरोबर केली होती. भीती आणि धाकदपटशाचे वातावरण, असे अहवालात म्हटले होते. २०१५ मध्ये त्यांतल्या अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. ज्या मुलांना वाचता येत नव्हते ती कागदावर उत्तीर्ण होती, म्हणून त्यांना मिळायला हवी होती ती जादा मदत मिळाली नाही. आपल्याकडे चाचणीचे गुण संकेतस्थळावर भरताना 'वर्ग मागे दिसायला नको' म्हणून जो हात सैल सुटतो, त्याची जात याहून वेगळी नाही.

मग करायचे काय? यातल्या बऱ्याच गोष्टींना शासन निर्णय लागत नाही. बदली तासांची वही टेबलाच्या खणातून काढून स्टाफरूमच्या भिंतीवर लावता येते, महिन्याअखेर प्रत्येकाच्या नावापुढची बेरीज लिहून. सवलत द्यायची असेल तर ती असल्याचे सांगता येते, कारण सांगणे त्या व्यक्तीच्या मर्जीवर सोडून. शिक्षण हक्क कायद्याने मागितलेला शाळा विकास आराखडा बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापक एकटे बसून, मागच्या वर्षीचा समोर ठेवून भरतात. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव राहिलेले कोल्हापूरचे जे. पी. नाईक आयुष्यभर सांगत राहिले की प्रत्येक शाळेने आपली योजना आपल्या माणसांना घेऊन आपण करावी. तो आराखडा एका शनिवारी सकाळच्या शाळेनंतर सगळ्यांनी मिळून लिहिला, तर जे शिक्षक त्यात बोलले ते पुढे त्याप्रमाणे वागायलाही बांधले जातात.

गोपनीय अहवालाचे असेच. वर्षभर काही न बोलता अखेरीस प्रतिकूल शेरा लिहायचा, आणि मग तो शिक्षक वकिलाकडे आणि प्रकरण शाळा न्यायाधिकरणाकडे, हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने शिक्षकाला संस्थाचालकाच्या लहरीपासून वाचवले, आणि ते फार गरजेचे होते. पण कायदा अन्यायाविरुद्ध दाद देतो. दोन माणसांना बोलते करणे त्याच्या हाती नाही. जे अहवालात लिहायचे ते आधी दिवाळीच्या सुमारास तोंडावर सांगावे, सुधारायला चार महिने द्यावेत. एवढे केले तर शेरा कडक असूनही शिक्षक तो स्वीकारतो.

सर्वांत मोठी गोष्ट वर्गाची. जपानच्या शाळांत फार जुनी रीत आहे: एक शिक्षक धडा घेतो, बाकीचे, मुख्याध्यापकांसह, मागे उभे राहून मुलांकडे पाहतात, आणि नंतर बसून त्या धड्यावर बोलतात. चर्चा धड्याची होते, माणसाची नाही. आपल्याकडे यासाठी आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरतेच, पण तिचा बराच वेळ परिपत्रके वाचण्यात जातो. शिवाय आपल्याकडे नमुना पाठ घ्यायला नेहमी नवा, कनिष्ठ शिक्षक पुढे केला जातो. सुरुवात वरून व्हावी. वेळापत्रकात मुख्याध्यापकांच्या नावावर असलेले तास बहुतेक शाळांत दुसरेच कुणीतरी घेते. ते तास मुख्याध्यापकांनी स्वतः घ्यावेत आणि शिक्षकांना मागे बसायला बोलवावे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने आधी स्वतःला तपासू दिले, तर बाकीच्यांना दार उघडायला कारण मिळते. कनिष्ठाने आधी उघडायचे म्हटले, तर ती तपासणीच होते.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. येत्या जूनमध्ये वेळापत्रक लावताना अवघड समजला जाणारा एक वर्ग, ज्याला कुणी घ्यायला तयार नसते तो, स्वतःच्या नावावर लावा आणि वर्षभर शिकवा. आणि शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांना विनंती आहे की शाळा भरलेली असताना, अकरा ते पाच या वेळात, कोणत्याही शाळेकडे कसलीही माहिती मागू नका.